उरी की तुरी?

डोळ्यांना आणि कातडीला होणाऱ्या त्रासासाठी मराठीत किती शब्द आहेत, ते एकदा बोटांवर मोजून पाहा. मिरची झोंबते. जखमेवर आयोडीन लावले की चरचरते. जागरणाने डोळे चुरचुरतात, कचरा गेला की खुपतात. पोळलेली कातडी हुळहुळते, घामोळ्याला खाज येते, नायट्याला कंड सुटते. भाषा शिकवणाऱ्या माणसाला असे शब्द गोळा करण्याचा नाद असतोच. पण आमच्या शहापुरातल्या घरी या साऱ्यांचे काम दोन शब्दांत भागते. माझे माहेर मराठी, सासर कानडी. सासूबाई, म्हणजे आमच्या अत्ती, नातवंडांपैकी कोणी न्हाणीघरातून ओरडले की बाहेरूनच विचारतात, ‘उरी की तुरी?’ म्हणजे आग होते आहे की खाज सुटली आहे? ‘कण्ण उरियाकत्तैती’ असे उत्तर आले की पाणी ओता म्हणतात. ‘मै तुरिसाकत्तैती’ असे आले की मात्र काल काय लावलेस, परवा काय लावलेस, अशी चौकशी सुरू होते. (ही तुरी कानडीतली, आपल्या बाजारातली नव्हे!)

अत्ती सातवीपर्यंत शिकलेल्या. पण त्वचारोगाचे डॉक्टर साबण-शांपूच्या तक्रारीत पहिल्यांदा हाच प्रश्न सोडवतात, हे मला एका विद्यार्थिनीमुळे कळले.

ही मुलगी आमच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. सकाळी वर्ग, दुपारी दोनपासून रात्री आठपर्यंत एका ब्युटी पार्लरमध्ये काम. नवीन मुलगी म्हणून तिच्या वाट्याला डोकी धुण्याचे काम आले होते. लग्नसराईत दिवसाला दहा-बारा डोकी. चार महिन्यांत बोटांच्या बेचक्या लाल झाल्या, मग कातडी कोरडी पडून सोलायला लागली, मग भेगा. वर्गात वही पुढे करताना ती ओढणीत हात लपवायची. एकदा वर्ग सुटल्यावर थांबली आणि म्हणाली, ‘मॅडम, हात बघा की. मुठी वळंना झाल्यात.’ घरी आई म्हणत होती उष्णता आहे, काकू म्हणत होती रक्त बिघडले आहे. पुढच्या महिन्यात पाहुणे बघायला येणार होते. चहाचा ट्रे हातात घेतला की सगळ्यांची नजर त्या बोटांवर जाणार आणि ‘मुलीला इसब आहे’ हे गल्लीभर होणार, ही आईची धास्ती. पार्लर सोडावे तर फी कुठून भरायची, ही मुलीची.

त्वचेच्या डॉक्टरांनी तिला विचारलेले पहिले दोन प्रश्न असे : आग जास्त होते की खाज? आणि सुट्टीच्या दिवशी बरे वाटते का? आग जास्त होत होती. सोमवारी पार्लर बंद, त्यामुळे मंगळवारी सकाळी हात थोडे बरे असत. डॉक्टरांनी आईला स्पष्ट सांगितले, की हे रक्तातले नाही, संसर्गाचे नाही, कोणाला लागणार नाही. शांपूच्या पाण्यात रोज सहा तास बुडणाऱ्या हाताचे हे दुखणे आहे.

आता शांपूच्या पाण्यात असे असते काय? साबण, शांपू, फेसवॉश, दाढीचा फेस, भांड्यांची वडी या सगळ्यांचे काम ज्याच्या जोरावर चालते त्याला रसायनशास्त्रात सर्फॅक्टंट म्हणतात. त्याच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे ओढ घेते, दुसरे तेलाकडे. तेलकट मळाला एका टोकाने धरायचे, पाण्याला दुसऱ्याने, आणि मळाला पाण्यासोबत वाहून न्यायचे. दोन घरांची भाषा येणाऱ्या सुनेसारखेच हे काम! अडचण एवढीच, की मळाचे तेल कोणते आणि कातडीचे स्वतःचे तेल कोणते, हा भेद त्याला कळत नाही.

आपल्या कातडीचा सर्वांत वरचा थर केसापेक्षाही पातळ असतो. त्यात मेलेल्या पेशी विटांसारख्या रचलेल्या असतात आणि त्यांच्यामध्ये स्निग्ध पदार्थांचा गिलावा असतो. सर्फॅक्टंट हा गिलावा धुऊन काढतो आणि विटांमधल्या केराटिन नावाच्या प्रथिनाला चिकटून त्यांना फुगवतो. मग आतले पाणी बाहेर निसटते, बाहेरचे त्रासदायक पदार्थ आत शिरतात. भेगा पडतात त्या अशा.

शहापूर-वडगाव-खासबाग भागात मागाच्या आवाजात वाढलेल्यांना हे समजायला जड नाही. कच्च्या रेशमाला सेरिसिन नावाचा डिंक असतो. तो काढायला सूत साबण-सोड्याच्या पाण्यात उकळतात. डिंक गेला की रेशीम मऊ आणि चमकदार होते. पण सोडा जास्त झाला किंवा वेळ लांबला की धाग्याचाच जीव जातो आणि तो मागावर तुटायला लागतो. रेशीम हे प्रथिन, केस हे प्रथिन आणि कातडीचा वरचा थरही प्रथिनच. प्रश्न साबण वाईट की चांगला हा नसतो. किती तीव्र, किती वेळ आणि दिवसातून किती वेळा, हा असतो.

सर्फॅक्टंटचेही स्वभाव वेगवेगळे. सोडियम लॉरिल सल्फेट हा त्यातला जहाल. संशोधकांना प्रयोगासाठी माणसाची त्वचा मुद्दाम चिडवायची असते तेव्हा ते याचेच पातळ द्रावण पट्टीखाली लावतात. त्याचा भाऊ सोडियम लॉरेथ सल्फेट जरा मवाळ. नावात एका अक्षराचाच काय तो फरक, पण रेणूचे पाण्याकडचे टोक मोठे झाल्याने तो कातडीत तितकासा घुसत नाही. बहुतेक शांपूंत हाच असतो आणि त्याच्या जोडीला आणखी एखादा मवाळ सर्फॅक्टंट घालतात. असे मिश्रण एकट्या जहालापेक्षा सौम्य निघते. सोडियम लॉरिल सल्फेटने कॅन्सर होतो, ही अफवा मात्र १९९०च्या दशकापासून आधी ई-मेलवर आणि आता व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते आहे. तिला आधार नाही. तो कातडी चिडवतो, इतकेच त्याच्यावरचे खरे आरोपपत्र.

ही झाली उरी. उरी कोणालाही होऊ शकते. मात्रा पुरेशी झाली की पैलवानाच्या हातालाही भेगा पडतात.

तुरीची गोष्ट निराळी. ती अ‍ॅलर्जी. काही जणांनाच होते, पण ज्याला होते त्याला थेंबभरही पुरते, आणि ती लगेच न उठता एक-दोन दिवसांनी उठते. म्हणून अत्ती ‘परवा काय लावलेस’ विचारतात ते बरोबर आहे. गंमत म्हणजे इथे आरोपी पुष्कळदा सौम्य म्हणवणारेच असतात. कोकामिडोप्रोपिल बीटेन हा खोबरेल तेलापासून बनवलेला सर्फॅक्टंट, डोळ्यांना कमी झोंबतो म्हणून लहान मुलांच्या शांपूत आवडीने घालतात. २००४ साली अमेरिकेतल्या काँटॅक्ट डर्मटायटिसच्या तज्ज्ञांच्या संस्थेने त्याला ‘वर्षाचा अ‍ॅलर्जीकारक’ ठरवले. दोष बहुतेक वेळा त्याच्यात उरलेल्या कच्च्या मालाच्या अंशांचा असतो. २०१३ साली तोच मान मिथाइलआयसोथायझोलिनोन या टिकाऊपणासाठी घालण्याच्या पदार्थाला मिळाला. केसांच्या काळ्या रंगाचे आणि सुगंधी द्रव्यांचे नाव तर या यादीत जुनेच आहे.

तुरी कुठे उठते तेही पाहण्यासारखे आहे. शांपू डोक्याला लावला तरी पुरळ डोक्यावर दिसेलच असे नाही. फेस जिथून ओघळतो तिथे, म्हणजे कानामागे, मानेवर आणि पापण्यांवर ते उठते. पापणीची कातडी अंगभरात सर्वांत पातळ. त्यामुळे नेलपॉलिशची अ‍ॅलर्जीसुद्धा नखाजवळ न दिसता पापणीवर दिसते, कारण दिवसातून पन्नास वेळा आपण बोट डोळ्याशी नेतो. हा पोलीस तपासच असतो. त्यासाठी डॉक्टर पाठीवर निरनिराळ्या पदार्थांच्या छोट्या पट्ट्या चिकटवून ४८ तासांनी काढतात आणि पुन्हा एक-दोन दिवसांनी पाहतात. रक्ततपासणीवर पैसे घालवण्यापेक्षा अशा तुरीसाठी ही पॅच टेस्ट उपयोगाची.

इथपर्यंत वाचून काही वाचक म्हणतील, मॅडम, हे सगळे केमिकलचे चोचले. आमची शिकेकाई बरी. मलाही शिकेकाई आवडते. पण शिकेकाईचा आणि रिठ्याचा फेस कशाचा? सॅपोनिनचा. आणि सॅपोनिन म्हणजे झाडाने स्वतः तयार केलेला सर्फॅक्टंट. शिकेकाई, कानडीत सीगेकायी, आंबट म्हणजे आम्लधर्मी असते. केसांना ती मानवते ते बरेचसे त्यामुळे. पण डोळ्यात गेली तर? रविवारी सकाळी पाटावर बसवून ज्यांची डोकी शिकेकाईने घासली गेली, त्या पिढीला हे सांगायला नको. ‘डोळे घट्ट मीट’ हा आईचा हुकूम शांपूच्या आधीपासूनचा आहे. रिठा, कानडीत अंटवाळकायी, त्याहून कडक. रिठ्याच्या पाण्याने मासे गुंगवून धरण्याची रीत जुनी आहे, कारण सॅपोनिन माशांच्या कल्ल्यांवर घाला घालते. रक्ताच्या तांबड्या पेशीही ते फोडते. तेच रिठ्याचे पाणी रेशमी साडीला इतके मानवते, की शहापुरी साडी नेसणाऱ्या घरांत रिठ्याची पिशवी असायचीच. साडीला डोळे नसतात!

राखेचेही तसेच. पूर्वीच्या बायका भांडी राखेने घासत, तेव्हा हात कसे मऊ असत, असे आता कोणी लिहिते. आमच्या आजीचे हात मी पाहिले आहेत. राख क्षारधर्मी असते, आणि त्या हातांवरच्या भेगांत ती काळी होऊन बसलेली असायची. ‘नॅचरल’ हा शब्द बाटलीवर वाचून खुलून जाणाऱ्यांनी हे हात आठवावेत.

न झोंबणारा शांपू निघाला १९५०च्या दशकात, अमेरिकेत, बाळांसाठी. त्यात गुंगीचे औषध असते ही समजूत आपल्याकडेही ऐकू येते, पण तसे नाही. त्यात मवाळ सर्फॅक्टंट निवडलेले असतात आणि आंबट-क्षारपणा अश्रूंच्या जवळपास राखलेला असतो. आपले अश्रू पाण्यापेक्षा किंचितच क्षारधर्मी, सुमारे ७.४ पीएच. कातडी आंबट, साधारण ५. आणि नेहमीचा साबण ९ ते १०. तरीही एक बारकावा ध्यानात ठेवा : ‘डोळ्यांत पाणी आणत नाही’ हे वचन डोळ्यांपुरते आहे. बाळाच्या कातडीबद्दल त्यात काहीही म्हटलेले नाही.

डोळ्याच्या बुबुळापुढची काचेसारखी पारदर्शक चकती, म्हणजे कॉर्निया, ही शरीरातल्या सर्वांत हळव्या जागांपैकी एक. तिच्यावर पेशींचे पाच ते सात थर आणि वर अश्रूंचा पडदा, त्यावर तेलाची झिरझिरीत साय. फेस आधी ती साय मोडतो, मग वरच्या पेशी सैल करतो. म्हणून शांपू धुऊन टाकल्यावरही डोळे तासभर खुपतात. निरोगी डोळ्यातल्या वरच्या पेशी लवकर भरून येतात हे आपले नशीब. केसांच्या कंडिशनरमध्ये धनभार असलेले सर्फॅक्टंट असतात आणि साधारणपणे हा गट डोळ्यांना जास्त तापदायक. तेव्हा कंडिशनर ‘मऊ’ वाटला तरी डोळ्यापासून लांबच बरा. मेकअप पुसायचे मायसेलर वॉटर हेही सर्फॅक्टंटचेच पाणी. ते कापसाने पुसून तसेच झोपायची पद्धत मला पटत नाही. वर साधे पाणी मारून डोळे धुवावेत.

कोणता पदार्थ डोळ्याला किती झोंबतो, हे कंपन्यांना कसे कळत असे? सशांच्या डोळ्यांत घालून. १९४४ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनातल्या जॉन ड्रेझ यांनी त्या चाचणीची पद्धत आणि गुण देण्याचे कोष्टक प्रसिद्ध केले. पांढऱ्या सशाच्या एका डोळ्यात पदार्थ घालायचा, दुसरा तुलनेला ठेवायचा आणि काही दिवस लाली, सूज, पांढरेपणा मोजायचा. त्यामागे कारणही होते. १९३०च्या दशकात पापण्या रंगवण्याच्या ‘लॅश ल्यूर’ने तिकडच्या काही बायकांची दृष्टी घालवली होती. पुढे १९८०मध्ये हेन्री स्पायरा यांनी न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात पानभर जाहिरात देऊन रेव्हलॉन कंपनीला सशांबद्दल जाब विचारला, आणि पर्यायांचा शोध जोरात सुरू झाला. आता कत्तलखान्यातून आणलेले गुरांचे डोळे किंवा प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींचे पडदे वापरून हे काम होते. भारताने मे २०१४मध्ये सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवरची चाचणी बंद केली आणि त्याच वर्षी अशा चाचणीतून आलेल्या मालाची आयातही. आपल्या देशाच्या खात्यावर हे एक चांगले पान आहे. त्याची चर्चा आपल्याकडे फारशी झाली नाही याचे मला नवल वाटते.

दुकानातल्या साबणाबद्दल थोडे. पाकिटावर टीएफएम असा आकडा असतो. साबणात स्निग्धाम्लांचा एकूण वाटा किती, ते तो सांगतो. भारतीय मानकानुसार पहिल्या प्रतीच्या अंगाच्या साबणात तो किमान ७६ टक्के, दुसऱ्या प्रतीत ७०, तिसऱ्या प्रतीत ६०. ‘बेदिंग बार’ लिहिलेल्या वडीला ४० टक्केही चालतात. साबण आणि बेदिंग बार एकाच फळीवर, एकसारख्या कागदात ठेवलेले असतात, तेव्हा उलटून वाचावे. शांपूच्या बाटलीवर घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहिण्याचा नियम आहे, एक टक्क्याखालचे शेवटी कसेही. त्यामुळे पाण्यानंतरची पहिली दोन-तीन नावे म्हणजे बाटलीतले खरे मालक. आपल्या भागात दुकानाच्या पाटीवर कोणती भाषा वर आणि कोणती खाली, यावर किती रक्त आटले! आणि रोज डोक्याला लावायच्या बाटलीवर ही नावे ना मराठीत, ना कानडीत. मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत. त्याबद्दल मात्र दोन्ही बाजू गप्प.

शांपूची पुडी डोक्यावर सरळ पिळू नये. मगभर पाण्यात मिसळून घ्यावी. फेस कमी येईल, पण फेस म्हणजे सफाई नव्हे. तेल लावलेल्या डोक्यावर पहिल्यांदा फेस येत नाही आणि दुसऱ्यांदा भरपूर येतो, तो डोके आधीच स्वच्छ झालेले असते म्हणून.

त्या मुलीने पार्लर सोडले नाही. डॉक्टरांनी थोडे दिवस मलम दिले, पण मुख्य औषध सवयींचे होते. आत सुती मोजे, वर रबरी हातमोजे, आणि आत घाम साचला की मोजे बदलायचे. अंगठी काढून ठेवायची, कारण तिच्याखाली साबण अडकून राहतो आणि बेचकीतले इसब बहुतेक तिथूनच सुरू होते. हात धुतल्यावर बोटांच्या मधली जागा टिपून कोरडी करायची आणि लगेच पेट्रोलियम जेली चोपडायची. रात्री झोपताना जाड थर. पार्लरच्या ताईंशीही तिने बोलणे केले : डोकी धुणे दोन मुलींत वाटून घ्यायचे, मधल्या वेळी थ्रेडिंग. जर्मनीत एका पाळीत दोन तासांपेक्षा जास्त वेळ हात ओल्यात असणे हे नियमांतच ‘ओले काम’ धरले जाते आणि मालकाला काळजी घ्यावी लागते. आपल्याकडे पार्लरमधल्या, खानावळीतल्या, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बायकांचे दोन तास सकाळी दहाच्या आतच भरतात. त्यांना हातमोजे घेऊन देणे हे घरमालकिणीचे काम आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. मुलीचे हात दीड-दोन महिन्यांनी भरून आले. पाहुणे त्याआधीच येऊन गेले होते. आईने सांगितले, ‘पोरगी काम करते, म्हणून हात असे.’ त्यांनी चहा घेतला. पुढचे पुढे.

आता डोळ्यात शांपू, फेसवॉश, भांड्यांचा साबण गेला तर काय करायचे ते. चोळायचे नाही. लेन्स असेल तर काढायची. नळाच्या किंवा तांब्याच्या स्वच्छ साध्या पाण्याने पापणी उघडी धरून पंधरा-वीस मिनिटे धुवत राहायचे. पाच मिनिटांत बरे वाटले तरी. मध, तूप, दूध, गुलाबपाणी, काजळ यांतले काहीही घालायचे नाही. त्यानंतरही डोळा लाल, दुखरा राहिला, उजेड सहन होईना किंवा धूसर दिसू लागले तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचे.

निपाणी भागातल्या, तंबाखूच्या घरांतल्या वाचकांना एक जास्तीची गोष्ट. लहान मूल चुन्याची पुडी हातात दाबते, ती फुटते आणि चुना थेट डोळ्यात उडतो. शांपूची उरी तासाभरात जाते. चुना तीव्र क्षार असल्याने कॉर्नियात आत आत उतरत राहतो आणि दृष्टी जाऊ शकते. इथे दवाखाना गाठायच्या आधी, जिथे आहात तिथेच, मिळेल त्या स्वच्छ पाण्याने डोळा धुवायला लागायचे. पापणीच्या आत चुन्याचे कण दिसले तर ओल्या स्वच्छ कापडाच्या टोकाने अलगद काढायचे, पुन्हा धुवायचे, आणि निघताना ती पुडी सोबत न्यायची म्हणजे आत काय गेले ते डॉक्टरांना कळते. चुन्याची पुडी मुलाचा हात पोचणार नाही अशा फळीवर ठेवावी हे अज्जा-अज्जींना सांगण्याचे काम घरातल्या सुनेपेक्षा मुलाने केलेले बरे. आमच्याकडे तरी तसेच ऐकले जाते.